आत कोंडलेला आवाज

बोलायचं झालं की बुवा आधी बोट गळ्याशी नेत. ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. गळ्यावरचं भोक बोटाने दाबलं की घोगरे, फाटके शब्द येत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि नजर वळवली असेल. मीही सुरुवातीला वळवायचो.

लालबागच्या चाळीत ते आमचे शेजारी. एके काळचे डबलबारीचे बुवा. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसून एकमेकांना कोंडीत पकडत, तेव्हा त्यांना ऐकायला अख्खं घोडपदेव लोटायचं. त्या बाऱ्यांच्या कॅसेट मी माझ्या सर्व्हरवर उतरवल्या. सर्व्हर म्हणजे कपाटावरची लहानशी पेटी, स्वतःचा पडदा नसलेली. आतलं सगळं घरच्या नेटवर्कमधून ऐकायचं. कॅसेटना बुरशी आली होती. "आता कशाला ठेवताय?" असं मीच म्हटलं, आणि त्यांनी त्या भंगारात दिल्या. दुसरी प्रत करायची माझ्याकडून राहत गेली.

रोज संध्याकाळी बुवा येऊन खुर्चीत बसत. पहिल्या भजनाआधी त्यांचाच तरणा आवाज माइक तपासायचा, "आवाज येता काय रे?" बुवा गळ्याशी बोट नेऊन उत्तर देत, "येता." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावत.

एकदा ते यायच्या थोडं आधी मी नवा राउटर लावला आणि त्याला जुळेल असा सर्व्हरचा नेटवर्कमधला आकडी पत्ता बदलायला गेलो. एक आकडा चुकला. एंटर दाबलं आणि पेटीचा संबंधच तुटला. दिवा लुकलुकत होता, पण आत जायची वाट बंद.

पेटीच्या मागे टाचणी खुपसायचं रिसेटचं छिद्र होतं. त्याने फक्त पत्ता पुसला जातो की आतलं सगळं, ते आठवेना. टाचणी हातात धरून उभा होतो, आणि दारात बुवा.

लाइट नाही, उद्या या, असं सांगणार होतो. पण डोक्यावर पंखा फिरत होता. खरं ते सांगितलं.

"शिकल्लो माणूस तू, झिला," बुवा म्हणाले. "स्वतः भायर रवान घराक कुलूप घातलंस."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. बोट उचललं, पुन्हा ठेवलं.

"आत आसंय मा मी?"

"आहात," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं. टाचणी खाली ठेवली.

पेटीला थेट टीव्ही जोडला, मुलीच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड लावला. टीव्ही काळाच. आता पेटी बंद करून पुन्हा सुरू करणं भाग होतं, आणि ती पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. बटण दाबलं. दिवा विझला. खोलीत बुवांच्या श्वासाची गळ्यातून येणारी शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

मग टीव्हीवर पांढरी अक्षरं धावू लागली. घाबरून पासवर्ड चुकलो, पुन्हा चुकलो. शेवटी आत शिरलो आणि आकडा न् आकडा मोठ्याने वाचत पत्ता दुरुस्त केला. मग पहिलं भजन लावलं.

"आवाज येता काय रे?"

बुवांचं बोट गळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. त्या दिवशी "येता" मी म्हणालो.

आता बुवा नाहीत. प्रती केल्या आहेत, एक त्यांच्या मुलीकडे आहे. तरी सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायचा तर अजून आकडा न् आकडा मोठ्याने वाचतो. एखाद्या संध्याकाळी ते भजन लावतो. आवाज विचारतो, आणि भजन सुरू होण्याआधी जराशी जागा राहते. ती जागा त्यांची आहे.