हात जरा बाजूला घ्या

चावीवाला ताकही फुंकून पितो, असं लोक म्हणत. ताक आणणाऱ्याकडेही तो आधी दोनदा निरखून बघतो, हे मात्र फक्त त्याच्या सुनेला ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या अरुंद दुकानात तीस वर्षं कुलपं उघडता उघडता त्याचं मन मात्र पक्कं बंद झालं होतं. गिऱ्हाइकाची चावी आणि कोरी चावी एकत्र पकडीत आवळायची, वरून डावा तळवा झाकायचा आणि उजव्या हाताने कानस चालवायची. चावीच्या खाचा बायकोलाही दिसू द्यायच्या नाहीत, हा त्याचा नियम. बायको गेली, नियम राहिला.

समोरच्या बाजूला एक मशीनवाला येऊन बसला आणि गिऱ्हाईक आटलं. सून म्हणाली, "बाबा, आपण दुकानाचा व्हिडिओ काढू. लोकांना तुम्ही दिसायला हवेत."

"मी काय नवरा मुलगा आहे?"

तो हसला, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला एकाएकी दुकानाचा एवढा पुळका का? विकायचं तर नाही ना? कुठेतरी पाणी नक्की मुरत होतं.

व्हिडिओ काढायला सुरुवात झाली आणि नेमक्या त्याच वेळी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई जादा चावी करून घ्यायला आल्या. कॅमेरा दिसताच त्या खुलल्या. "मी कोपऱ्यावरच्या पिवळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. यांच्या कुलपाच्या भरवशावर निर्धास्त झोपते," त्यांनी ठासून सांगितलं.

सून खूश झाली. "बाबा, हात जरा बाजूला घ्या ना. नुसता तळवाच दिसतोय."

बाईंसमोर नाही कसं म्हणायचं? त्याने हात बाजूला घेतला.

चार दिवसांत हजारो लोकांनी व्हिडिओ पाहिला. दुकानात गर्दी झाली. हा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाकडे डोळे बारीक करून बघे आणि दुपारी सुनेचा फोन मागून घेऊन तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावी. "बाबा स्वतःच्याच प्रेमात पडलेत!" सून चिडवायची. त्याला कुठेतरी खुपत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. सुनेचं बोलणं तपासलं, मागून जाणारी माणसं तपासली. पाचव्या दिवशी त्याने चित्र थांबवलं, मोठं केलं आणि बाईंच्या चावीच्या खाचा मोजल्या.

पाच. कुठली खोल, कुठली उथळ, सगळं लख्ख दिसत होतं.

त्याने कोरी चावी घेतली आणि फोनकडे बघत कानस चालवली. मग सुनेला म्हणाला, "आधी तो व्हिडिओ काढून टाक." तिने कारण विचारलं. त्याने सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला आणि तिने तिथल्या तिथे व्हिडिओ पुसला. इतके दिवस तो तिच्यावर नजर ठेवून होता, आणि चूक निघाली त्याच्याच हाताची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवं कुलूप घेऊन तो पिवळ्या इमारतीत गेला आणि त्याने घंटा वाजवली. "बाई, दार नुसतं ओढून घ्या, कडी लावू नका, आणि आत तिथेच उभ्या राहा."

बाईंनी हसत दार ओढून घेतलं, कुलूप आपोआप लागलं. त्याने बाहेरून चावी फिरवली. दार उघडलं.

"ही मी फोनवरच्या चित्रावरून केली," तो म्हणाला. "माझ्याऐवजी दुसरं कोणीही करू शकलं असतं. चूक माझी आहे."

बाईंचं हसू मावळलं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि तो कुलूप बदलेपर्यंत त्याच्या हातांवरची नजर त्यांनी काढली नाही. काम झाल्यावर त्याने तीन नव्या चाव्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"चौथी तुमच्याकडे नाही ना?"

तीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला राग आला नाही. त्याने पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.