यानातल्या भाकऱ्या

दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवायची असं मी ठरवलं, पण घरी बोलले नाही. काळेवाडीहून चाकणला कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर गाड्यांच्या वायरी जोडायच्या, आणि अशी बाई जाता-येता मोबाइलवर अंतराळातली गोष्ट लिहिते, हे कुणाला पटणार? पण मला ती छापून हवी होती, माझ्या नावानं. बस्स.

लिहीन तसं बसमधल्या बायकांना वाचून दाखवायचे. दूरच्या ग्रहावर निघालेलं यान, त्याची कप्तान बाई, तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. एका सकाळी वाचलं, की कप्तान सगळ्यांच्या आधी उठते आणि यानातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापते. आमच्या कँटीनच्या मावशी खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "आगं, यान हिचं, हुकूम हिचा, आन् भाकऱ्या बी हिनंच थापायच्या व्हय? बाकीच्यांला हात न्हाईत?"

अख्खी बस हसली. मला असा राग आला! म्हटलं, प्रेमानं करते ती. पण ऐकतंय कोण? बस मोशी गावाशी पोचेपर्यंत बायांनी यानात स्वयंपाकाच्या शिफ्टसुद्धा लावून टाकल्या. पहिली शिफ्ट इंजिन सांभाळणाऱ्या बुवाची. मी तोंड फुगवून बसले. पहाटे उठून मीही घरच्या भाकऱ्या थापूनच आले होते.

शेवटी बायांचंच ऐकलं आणि कथा पाठवली. संपादकांचा फोन आला. कथा झकास आहे म्हणाले, फक्त पुरुष भाकऱ्या थापतो हे काही वाचकांना पटायचं नाही. तेवढं काम कप्तान बाईला द्या, लगेच छापतो. या गृहस्थांना शंभर वर्षं झोपून उठणारी माणसं पटली, आकाशात दोन सूर्य पटले, आणि घोडं अडलं ते भाकरीपाशी!

"मग राहू द्या," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं.

काही दिवसांनी त्यांचाच फोन, छापतोय म्हणून. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीच्या तोंडावर अंक आला, माझ्या नावासकट. मावशींनी तो घरी नेला आणि नातीला मोठ्यानं वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्या चढल्याच सांगू लागल्या. त्यांच्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, असलं यान सुटतंय तरी कुठनं?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, तुमी आदी पीठ मळा, मग सांगते."