आठ ते नऊचं पाणी

राजेश्वरीला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं तिच्या माहेरी वडगाव निंबाळकरला म्हणायचे, आणि सासरच्या वस्तीवरही तेच म्हणू लागले होते. तिला ते आवडायचं. डेअरीत दूध घातलं की मापावरची नजर ती हलवायची नाही. बी.ए. झालेली, त्यामुळे अर्ज स्वतःच लिहायची. नवरा दीपक लोणी देवकरला कारखान्यात कामाला, त्याच्या पाळ्या बदलत राहायच्या. त्यामुळे तीन एकर ऊस, त्याचं पाणी आणि पाण्यावरची भांडणं, सगळं तिच्याच अंगावर होतं.

कालव्याचं आवर्तन सुटलं की बुधवारी सकाळी सहा ते बारा त्यांची पाळी. चारीतून पाणी शेताकडे नेणाऱ्या दंडात, म्हणजे पाटात, यायचं, आणि तो मातीचा दंड वाटेत शेजारच्या भानुदासच्या रानातून जायचा. गेली दोन वर्षं आठ वाजले की पाणी बारीक व्हायचं. सरीतली धार जागच्या जागी जिरायची. नऊला पुन्हा भरून यायचं. दर पाळीला तेवढंच, घड्याळ लावल्यासारखं. म्हणजे कुणीतरी मधेच दंड फोडत होतं, आणि मधे भानुदासशिवाय होतं कोण?

भानुदासचं वस्तीवरच्या बुद्धविहाराला लागून दोन एकर रान. त्याची मुलगी अंजली बारामतीत शिक्षिका. तो स्वतः कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल राजेश्वरीचं मत आधीच ठरलेलं होतं.

तिनं सासऱ्यांना पाळतीवर बसवलं. रामहरी, म्हणजे तात्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण चालते-फिरते. बुधवारी ती खाली सऱ्यांत पाणी फिरवायची आणि तात्या काठी घेऊन वर दंडावर जायचे. परत आले की सांगायचे, "कुणी न्हाय आलं." मग पाणी जातं कुठं? बांधाखालून पाइप घातला असेल म्हणून तिनं दोन ठिकाणी खणून पाहिलं. पाइप नव्हता, पण एका जागी दंडाच्या कडेला ओली, नुकती लिंपलेली माती दिसली. तिनं मोबाइलवर फोटो काढले. तात्यांना दिसत नसेल म्हणून बारामतीला नेऊन त्यांचे डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तेव्हा तिला संशय यायला हवा होता, आणि आलाही, पण डॉक्टरचा.

इंदापूरच्या तहसीलदारांकडे अर्ज करायचं ठरलं तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "पान्याचं भांडण कागदावर गेलं की पानी सोडून बाकी समदं वाहतं." म्हातारं माणूस भितं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. अर्जात लिहिलं की दंड आमचा, पाणी आमचं, भानुदासचा त्यात काही हक्क नाही.

स्थळपाहणीला मंडल अधिकारी आले, सोबत तलाठी आणि कोतवाल. आल्या आल्या साहेबांनी विचारलं, या दंडाची नोंद कुठं आहे? सातबाऱ्यावर नव्हती, नकाशातही नव्हती. पंचेचाळीस वर्षांची वहिवाट आहे, असं राजेश्वरी म्हणाली. तलाठ्यानं तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की रान भानुदासचं आहे, उद्या त्यानं दंड बुजवला तर तुमच्या उसाला पाणी कुठून आणणार? एवढं सोपं असताना या माणसानं दंड आजवर बुजवला का नाही? काहीतरी मोठा डाव असणार.

कोतवालानं फावडं घेऊन ती लिंपलेली जागा उकरली. चिखल बाजूला झाला आणि आतून पाचटाची चुंबळ निघाली, डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी गोल, घट्ट पिळलेली.

राजेश्वरी बघतच राहिली. हल्ली सगळे खताची गोणी कोंबून फोडलेला दंड बंद करतात. चुंबळ पिळणारा वस्तीवर एकच माणूस उरला होता. गोणी पाण्याला अडवते, चुंबळ समजावते, असं तो म्हणायचा.

साहेबांनी भानुदासला विचारलं, हे काम कुणाचं? तो म्हणाला, आपलं नाही. मग कुणाचं? भानुदास पायाशी बघत उभा राहिला. एका वाक्यात तो सुटला असता, पण ते वाक्य त्यानं उच्चारलं नाही.

चुंबळीकडे राजेश्वरीखेरीज कुणाचं लक्ष नव्हतं. ती गप्प राहिली असती तर पंचनाम्यात भानुदासचंच नाव गेलं असतं. आणि संध्याकाळपर्यंत कदाचित दंडही गेला असता.

"तात्या," ती म्हणाली, "ही तुमची का?"

तात्या बांधावर बसले होते. "व्हय," ते म्हणाले. "ह्याच्या बापानं दंडाला रान दिलं. त्याबदली बुधवारी एक तास पानी, असं आमी दोघं बोललो. पानी वापर संस्था झाली, पाळ्या नव्यानं लिवल्या, त्यात त्यो तास न्हाय आला. मी इतकी वर्सं गप बसलो, पर मनाला टोचत हुतं. दोन सालापासनं मीच देतोय."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू कागुद मागितला असतास."

तिनं तो मागितलाच असता. आणि भानुदासच्या तासाला कागद नव्हता, तसा तिच्या दंडालाही नव्हता. दोन्ही त्या एकाच बोलण्यावर उभे होते. एक खोटं म्हटलं की दुसरं पडणार.

तिनं तलाठ्याकडून कोरा कागद घेतला आणि बांधावर बसूनच जबाब लिहिला. दंड भानुदासच्या रानातून संमतीनं जातो, तो कायम राहील. त्याबदली बुधवारी आठ ते नऊ पाणी भानुदासचं. अर्ज मागे. मात्र सही तिनं आधी भानुदासला करायला लावली, मग स्वतः केली. भानुदासनं सगळा मजकूर दोनदा वाचला.

पुढच्या आवर्तनात, बुधवारी पावणेनऊला, ती हातातलं काम सोडून वर दंडावर गेली. तात्या घरी होते, आता त्यांचं काम राहिलं नव्हतं. भानुदासनं दंडाचं आपल्या रानाकडचं तोंड आधीच बंद केलं होतं, खताची गोणी कोंबून, आणि तो तिथंच मनगट पुढं करून बसला होता.

"वहिनी, माझं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं हाय," तो म्हणाला. "त्यात नऊ वाजले, म्हणून मिटवलं. तुमच्याच बाजूनं."

गोणीच्या कडेनं पाणी अजून त्याच्या रानात झिरपत होतं. राजेश्वरीनं मोबाइल काढून वेळ पाहिली, मग गोणीखाली वाकून पाहिलं.