कोऱ्या मांजरपाटाची गोधडी

गोधडीत घरच्या आठवणी असतात, असं लोक फार कौतुकानं बोलतात. आजीचं लुगडं, आईचा पदर, बाळाचं झबलं वगैरे. आमच्याही घरात एक गोधडी होती आणि तिच्यातही आठवणी होत्या. फक्त त्या मालकाच्या घरच्या होत्या.

आमचं गाव बोरीजवळ. बा मालकाच्या शेतावर सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबायचा. माय रोजानं जायची आणि काम नसलं की लोकांच्या गोधड्या शिवायची. तिच्यासारखा धावदोरा आसपासच्या गावांत कुणाचा नव्हता. कडेपासून सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन घालत ती मधोमध येऊन थांबायची, आणि एक टाका वाकडा सापडायचा नाही. मालकाकडं ती गोठ्यात बसून शिवायची. गोधडी पुरी झाली की मालकीणबाई तिच्यावर पाणी शिंपडायच्या आणि मगच आत न्यायच्या. माझ्या मायच्या हातचा विटाळ तेवढ्या दोन थेंबांनी कसा जायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. मजुरी म्हणजे भाकर-कोरड्यास आणि एखादं जुनं लुगडं. ही मजुरी कुणी ठरवली होती, ते कुणालाच माहीत नव्हतं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दारोदार भाकर मागणं सोडलं. जुनं लुगडं तेवढं सुटायचं राहिलं होतं.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी बोरीच्या शाळेत नववीला होते. एका सकाळी मायनं आमची गोधडी धुऊन दोरीवर घातली होती. मालकाची थोरली सून शेताकडं चालली होती, ती थांबली.

"अगं, हे तर माझं बाळंतपणातलं लुगडं," ती म्हणाली. "अन् हा माझ्या नणंदेचा परकर, शाळेत जायची तवाचा. हे सासूबाईंचं, काशीला नेसून गेल्या होत्या त्या. बघ, किती टिकलंय."

ती मनापासून हरखली होती. तिच्या पोटात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. मायही हसून हो-हो म्हणाली. सून गेल्यावर मात्र ती त्या गोधडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यात आपलं काय हाय गं?" तिनं मला विचारलं.

मी खालीवर बघितलं. दोरा तेवढा आमचा होता.

त्याच दिवशी मायनं घरात जाहीर केलं, "आजपस्नं उतरलेलं घ्यायचं न्हाई. अंगावर न्हाई अन् अंगाखाली बी न्हाई."

हे बोलायला सोपं होतं, पण वेळ नेमकी अडचणीची होती. मॅट्रिक झाल्यावर परभणीला डी.एड.ला जायचं, मास्तरीण व्हायचं, असं माझं आणि मायचं ठरलं होतं. तिथं मुलींच्या वसतिगृहात जागा मिळत होती, पण अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं होतं. आमच्या घरात गोधडी एकच, तिच्याखाली आम्ही चौघं झोपायचो. मी, धाकटी बहीण, माय आणि बा. आमचे स्वतःचे जुने कपडे म्हणाल, तर दुष्काळात खडी फोडता फोडता त्यांची अशी दशा झाली होती की त्यांच्यात टाका धरत नव्हता. गोधडीला जुनं कापड लागतं, आणि जुनं असायला आधी कधीतरी नवं घेतलेलं असावं लागतं. आमची गाडी तिथंच अडली.

बा चिडला. त्याच्या मनात माझं लग्न होतं, स्थळही त्यानं बघून ठेवलं होतं. "दुसऱ्याचं जुनं घेणार न्हाईस, मग गोधडी काय हवेची करतीस?" तो मायला म्हणाला. "पोरीच्या परीक्षेचा निकाल लागूस्तोर झाली गोधडी तर जाऊ दे तिला परभणीला. न्हाई झाली तर लगीन."

"झाली म्हून समजा," माय म्हणाली.

पुढच्या वेळी मालकीणबाईंनी बोलावलं तेव्हा ती गोठ्याबाहेरच उभी राहिली. इथून पुढं मजुरी जुन्यात नको, नव्या कापडात द्या, एका गोधडीला अमुक हात कोरा मांजरपाट, असं तिनं सांगितलं. मालकीणबाईंना आधी वाटलं, ही थट्टा करतेय.

"एवढ्या कापडाच्या मोलात तर सोलापूरची चादर येती की गं."

"मग चादर आणा, मालकीणबाई. मी कुठं न्हाई म्हणते?"

ही बातमी बाच्या कानावर गेली आणि आमच्या घरात अबोला सुरू झाला. "ज्याचं अन्न खातो त्याच्या दारात तू भाव करतीस," एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून जेवायला बसला. मला त्याचीही कीव यायची. रोज सकाळी त्यालाच त्या दारात जावं लागत होतं.

पण त्या वर्षी मालकाच्या लेकीचं लग्न होतं आणि तिच्यासोबत सासरी गोधड्या द्यायच्या होत्या. दुसऱ्या गावाहून एक बाई आणली. तिचा दोरा बैल मुतल्यासारखा वाकडातिकडा निघाला. मालकीणबाईंनी गडी धाडून मायला बोलावणं पाठवलं आणि मांजरपाट कबूल केला. एका घरानं दिला म्हणताच बाकीच्या घरांनाही द्यावा लागला.

आता कोऱ्या कापडाची गोधडी होत नाही, हे शिवणारीला कुणी सांगायला नको. कोऱ्यात खळ असते. सुई अडते, दोरा तुटतो, आणि पहिल्या धुण्यात कापड आटलं की सगळ्या गोधडीला गोळे येतात. शेजारची म्हातारी ते पांढरं कापड बघून म्हणाली, "बाई, कोरं मढ्याला लागतंय. गोधडीला न्हाई."

"आमी जितेपणी वापरतो की, मावशी," माय म्हणाली. "जुनं न्हाई ना आपल्याकडं? मग आपुनच जुनं करू."

आणि आमच्या घरी कापड जुनं करायचं काम सुरू झालं. मायनं ते राखेच्या पाण्यात भिजवलं, नदीवर नेऊन बडवलं, उन्हात टाकलं, पुन्हा बडवलं. त्यातून मला परकर शिवला, धाकटीला झगा शिवला. वेचणीला जाताना स्वतःच्या कमरेला त्याचीच ओटी बांधली आणि सोबतच्या बायांनाही एकेक तुकडा दिला. "कापूस वेचा, भाकर बांधा, काय बी करा, पण फाडू नका," अशी ताकीद होती. बाया तिला सोडत नव्हत्या. "लोक जुन्याचं नवं करतेत, हिनं नव्याचं जुनं चालवलंय," असं म्हणून त्या खिदळायच्या आणि संध्याकाळी तुकडा नीट घडी करून परत द्यायच्या. मी शाळेत तो जाड परकर नेसून जायची. तो चालताना खसाखसा वाजायचा आणि पोरी हसायच्या. मला लाज वाटायची, पण त्याहून जास्त परभणी दिसायची.

मॅट्रिकची परीक्षा झाली तेव्हा जेमतेम तीन पदरांचं कापड मऊ झालं होतं. चांगल्या गोधडीला आणखी दोन पदर तरी लागले असते. बाकीच्या मांजरपाटात अजून सुई जात नव्हती. अशात बा एका संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन आला. मालकीणबाईंनी पोरगी शिकते म्हणून खुशीनं दिलेली लुगडी होती. मी हात लावून बघितला. इतकं मऊ सूत की हात काढवेना. अशी पाच-सहा होती. दोन दिवसांत गोधडी भरली असती.

मायनं गाठोडं पुन्हा बांधलं आणि मला सोबत घेऊन मालकाच्या दारात गेली.

"मालकीणबाई, तुमचं मन मोठं हाय," ती म्हणाली. "पण हे घ्यायचं न्हाई असं ठरलंय आमचं."

"कुणाचं ठरलंय? तुझा नवराच घेऊन गेला की."

"त्यांचं बी ठरंल, सावकाश."

मालकीणबाई आत निघून गेल्या. गाठोडं ओट्यावरच राहिलं.

परतताना मी रागानं लाल झाले होते. सगळं गाव आपल्याला हसतंय, बा बोलत नाही, आणि ही आलेलं परत करते. "तीन पदरांत मला थंडी वाजंल," मी म्हणाले. "तिथं काय तू येणार हाईस पांघरूण घालायला?"

माय चालता चालता थांबली. "वाजू दे थंडी. तू मास्तरीण होशील. लेकरं तुझ्यापुढं बसतील, त्यात मालकाची नातवंडं बी असतील. तवा तुझ्या अंगाखाली कुणाचं जुनं होतं, हे दुसऱ्या कुणाला ठावं नसंल. पर तुला ठावं असंल."

मला ते तेव्हा पटलं नाही, खरं सांगते. पण मी दुसऱ्या दिवसापासून तिच्यासमोर बसून दोरा भरायला लागले. एका कडेनं ती, एका कडेनं मी. माझे टाके ती न बोलता उसवायची आणि पुन्हा घालायला लावायची. निकालाच्या आधी गोधडी झाली. तीनच पदरांची, मळकट पांढरी, कपाशीच्या बोंडाचे आणि काळ्या मातीचे डाग तसेच राहिलेली. मी पास झाले होते. बानं गोधडी हातात घेऊन उलटसुलट बघितली, सुतळीनं बांधली आणि डोक्यावर घेऊन एसटी येईपर्यंत रस्त्यावर उभा राहिला. लग्नाचं नाव काढलं नाही, पण आशीर्वादाचंही काढलं नाही.

वसतिगृहात मुली एकमेकींच्या गोधड्या बघायच्या आणि हे कुणाचं, ते कुणाचं, असं विचारायच्या. मला विचारलं की मी सांगायची, हा माझा परकर, हा बहिणीचा झगा, ही मायची ओटी. सांगताना माझा आवाज मोठा व्हायचा. परभणीची थंडी मात्र वाईट होती. पौष महिन्यात मी गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन दात वाजवत झोपायची, आणि घरी जाणाऱ्या कुणाजवळही हे बोलायची नाही.

पहिलं वर्ष संपवून मी मे महिन्यात गावी आले. ऊन मी म्हणत होतं. लोक उघड्या अंगानं सावलीला बसले होते आणि बा आमच्या दारात कडक कोऱ्या मांजरपाटाची बंडी घालून बसला होता. मान काचत होती, घामानं कापड पाठीला चिकटलं होतं. मायनं मला मागाहून सांगितलं, की पाडव्याला नवं साल ठरवताना त्यानं स्वतः मालकाला सांगितलं, यंदा जुनं धोतर नको, कोरं कापड द्या.

मी पाया पडले आणि म्हणाले, "बा, एवढ्या उन्हात नवी बंडी कामून घातली?"

"माझी कुठं हाय?" तो म्हणाला. "धाकटीची हाय. मी निस्ती जुनी करायलोय."