जावईबापूंचं कुलूप

जावईबापूंनी स्वतःच्या हातानं स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं आणि किल्ली बायकोच्या स्वाधीन केली होती. हसू नका. तुम्हीआम्ही सगळेच आज ना उद्या त्या वाटेला लागणार आहोत. कुलूप म्हणजे कॉम्प्युटरवरचा ब्लॉकर. सकाळी कामाला बसलं की तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत इंटरनेटवरचं एक पान उघडू द्यायचा नाही. ईमेल नाही, कारखान्याचा गप्पांचा गट नाही, काही नाही. मोबाइलवरही तोच बसवलेला. नुसता फोन तेवढा लावता यायचा. कुलूप काढायचं तर पासवर्ड हवा, आणि तो बायकोच्या एकटीच्या डोक्यात.

आता हे जावईबापू कोण, ते सांगतो. कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यासाठी घरी बसून साचे आखायचे, हा त्यांचा धंदा. पुढचा भाग, मागचा भाग, कॉलर, बाह्या असं सगळं कॉम्प्युटरवर काढायचं आणि कापडाच्या पन्ह्यात असं दाटीवाटीनं बसवायचं की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये. ती आखणी कारखान्याच्या शेडमध्ये गेली की मोठ्या कागदावर छापून निघते. खाली कापडाचे थरावर थर, वर तो कागद, आणि कागदावरच्या रेघेवरून कटिंग मास्तर मशीनची सुरी फिरवतात. एकदा सुरी फिरली की सगळे थर एकदम कापले जातात. मग देवसुद्धा ते सांधू शकत नाही.

हे कटिंग मास्तर म्हणजे त्यांचे सासरे, घरी यांचे 'मामा'. काम त्यांनीच मिळवून दिलं, म्हणून अख्खी शेड याला जावईबापू म्हणते. नावानं हाक मारली तर स्वारी वळूनही बघणार नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय.

माणूस हुशार. रेघ अशी की बघत राहावं. पण खोड एक होती, आणि खोड तरी कसली! दारू नाही, पत्ते नाहीत. याला इंटरनेटवर अनोळखी लोकांची भांडणं वाचायचा नाद. कुठल्या तरी बाईनं कुठल्या तरी जावेला काय सुनावलं, त्यावर तिसऱ्याच कुणी काय अक्कल पाजळली, त्याला चौथ्यानं कसं झापलं. यातल्या एकाचंही तोंड यानं जन्मात पाहिलेलं नाही, पण निकाल लागेपर्यंत याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. साचा अर्धा ठेवून "जरा बघून येतो" म्हणायचं आणि तासाभरानं परत यायचं, तेही डोकं तिकडेच ठेवून.

मागच्या हंगामात याच नादात घात झाला. रेनकोटचं काम होतं. बाही एकच आखायची, तिची नक्कल करायची आणि ती नक्कल आरशातल्यासारखी उलटवायची, की झाली दुसऱ्या हाताची बाही. नक्कल झाली, उलटवायची राहिली. कुणा जावेनं उत्तर दिलं होतं ना! साध्या कापडाचं असतं तर तुकडे उलटे करून निभावलं असतं, पण रेनकोटच्या कापडाला एकाच बाजूनं रबराचा थर असतो. प्रत्येक कोटाला दोन्ही बाह्या डाव्या. सगळा ढीग भंगारात गेला.

मालकीणबाई शेडमध्ये आल्या तेव्हा जावईबापू कोपऱ्यात उभे होते. मास्तर पुढे झाले. म्हणाले, "नजर माझी चुकली. सुरी लावण्याआधी कागद बघायचं काम माझं." बाई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, पुन्हा असं झालं तर कटिंग मी बाहेर देईन." ज्या टेबलावर माणसाची उमर गेली, त्याच टेबलासमोर हे ऐकून घ्यावं लागलं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ताठ मानेनं बाहेर पडायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

त्या संध्याकाळी घरी बायकोनं ब्लॉकर शोधला, कॉम्प्युटरवर बसवला, मोबाइलवर बसवला आणि पासवर्ड टाकताना नवऱ्याला खोलीबाहेर काढलं. दुपारी जेवणाच्या वेळी अर्ध्या तासाची मोकळीक ठेवली, कारण झालेली आखणी ईमेलनं पाठवावी लागायची. त्या अर्ध्या तासातही काही उघडायला गेलं की पडद्यावर आधी प्रश्न यायचा: तुम्ही इथे कशासाठी आलात? उत्तर लिहिल्याशिवाय पान उघडायचं नाही. जावईबापू "काम" असं लिहायचे आणि सरळ भांडणात शिरायचे. यंत्राला काय कळतंय!

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नाद तो नाद. एकदा भर दुपारी बायकोला फोन लावला. म्हणे, कारखान्याच्या गटावर काहीतरी तातडीचं आलंय. तिनं पासवर्ड दिला आणि रात्री नवा टाकला. दुसऱ्यांदा मात्र या गृहस्थानं कमाल केली. "मामांना बरं नाही असं कळलंय, गट उघडून बघायला हवं, आईशप्पथ" असं म्हणाला! दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते ती. काउंटर तसाच टाकून रडत शेडवर गेली, तर बाप टेबलावर बसून डबा खात होता. बापाला तिनं काही सांगितलं नाही, सहज आले म्हणाली. नवऱ्याशी मात्र कितीतरी दिवस अबोला. अबोला सुटला तेव्हा एकच वाक्य बोलली, "आता तू खरं बोललास तरी मला कसं कळणार?"

आणि मग तो दिवस उजाडला.

पुन्हा रेनकोटच. मालकीणबाईंचं नवं गिऱ्हाईक, माल संध्याकाळी शिलाईला जायलाच हवा. जावईबापू सकाळपासून मान खाली घालून आखत होते. काम छान चाललं होतं, पण दुपारची मोकळीक जवळ आली तशी बोटं घाई करायला लागली. सकाळी एक भांडण ऐन रंगात असताना कुलूप पडलं होतं. आखणी आटोपली, पाठवली, पडद्यावर "काम" लिहिलं आणि भांडणात उडी घेतली. अर्धा तास कसा सरला कळलंही नाही. कुलूप पुन्हा पडलं.

समोर उरली ती फक्त आखणी. दुसरं बघायला काही नाही, म्हणून जावईबापू तीच बघत बसले. कॉलर ठीक. खिसा ठीक. बाही. दुसरी बाही. नजर पुढे गेली आणि परत आली. खांद्याला जोडायच्या मुंढ्याचा खोलगट बाक दोन्ही बाह्यांना एकाच बाजूला होता.

दोन्ही डाव्या.

मास्तर जेवण आटोपून मशीन लावतात. म्हणजे आत्ताच. ईमेल उघडायला गेले तर ब्लॉकरचं पांढरं पान. गट, पांढरं पान. मोबाइल, तेच. शेडच्या ऑफिसात फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मास्तरांचा मोबाइल लावला, तोही वाजत राहिला. वाजणारच, सुरीपाशी फोन न्यायचा नाही असा तिथे नियम, सगळ्यांचे फोन दाराजवळच्या कपाटात. जावईबापूंनी बायकोला फोन लावला.

"बोल पटकन, समोर पेशंट आहेत."

"पासवर्ड दे."

"सहा वाजता."

"अगं ऐक ना! बाह्या पुन्हा डाव्या गेल्यात. दोन्ही. मामा आता सुरी लावतील. गटावर निरोप टाकायला हवा, कुणीतरी बघेल."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "पुन्हा बाबांचं नाव?"

"या वेळी खरं आहे गं! आईशप्पथ!"

"मागच्या वेळीही आईचीच शप्पथ होती."

जावईबापूंना वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. काय बोलणार? जे खोटं बोलून झालं होतं, नेमकं तेच आता खरं झालं होतं. शब्द तेच, आवाज तोच, घाबरेपणाही तोच. मागच्या वेळी तो उसना आणला होता, एवढाच काय तो फरक. तूच कसंही करून शेडवर निरोप दे, एवढं तरी सुचायला हवं होतं की नाही? नाही सुचलं. डोळ्यांसमोर मामांची खाली गेलेली मान दिसत होती.

"मरू दे तो पासवर्ड!" असं ओरडून त्यांनी फोन ठेवला आणि पायात सापडली ती चप्पल अडकवून जिना उतरले.

बस नुकतीच सुटली होती. सायकल काढली, तर मागच्या चाकात हवा कमी. तशीच दामटली. सिग्नलला थांबलं की डोक्यात सुरीची घरघर सुरू व्हायची. आता मागचा भाग कापून झाला असेल. आता पुढचा. आता मामांनी बोटं सांभाळायला हातात पोलादी जाळीचा मोजा चढवून बाहीच्या रेघेला सुरी टेकवली असेल. एका टेम्पोवाल्यानं शिवी हासडली, ती बहुतेक रास्तच होती. घामानं शर्ट पाठीला चिकटला. "मामा, थांबा," असं ते मोठ्यानं म्हणत होते आणि रस्त्यातली माणसं वळून बघत होती.

शेडच्या गेटवर सायकल भिंतीला टेकवली, ती पडली, पडू दिली. गेटवरचे काका दारातच उभे होते. मास्तरांची लेक परकर-पोलक्यात डबा घेऊन यायची तेव्हापासून ते या गेटवर आहेत.

"कशासाठी आलात?" काकांनी विचारलं.

"चूक झालीय काका. माझी चूक झालीय."

काका बाजूला झाले.

आत घरघर नव्हती. मशीन बंद म्हणजे संपलं सगळं! जावईबापू टेबलापाशी गेले. कागद थरांवर तसाच पसरलेला होता. सुरी मागच्या भागाच्या सरळ कडेनं हातभर गेलेली आणि तिथेच थांबलेली. बाह्यांची रेघ अजून शाबूत होती. पलीकडे स्टुलावर मास्तर बसले होते, मांडीवर जाळीचा मोजा.

"या," मास्तर म्हणाले. "पाणी प्या आधी."

"मामा, बाह्या..."

"माहीत आहे. पोरीनं गेटवरच्या काकांना फोन केला. ते धावत आत आले, बाह्या बघा म्हणाले. बघितल्या." त्यांनी टेबलाकडे बोट केलं. "हातभर कापली तेवढी कड शिलाईत जाईल. काळजी नको."

जावईबापूंनी विचारलं, "पण तिला कसं कळलं, मी खरं बोलतोय म्हणून?"

"तेच मी गेटवर जाऊन फोनवर विचारलं तिला. म्हणाली, खोटं बोलतो तेव्हा पासवर्ड मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही. आज न घेताच फोन आपटला." मास्तरांनी मोजा उलटा केला, सुलटा केला. "आधी माझ्या तब्येतीचं निमित्त करून पासवर्ड मागून झालाय, तेही आज सांगितलं तिनं."

जावईबापूंना वाटलं, आता म्हाताऱ्यानं कानाखाली वाजवावी. वाजवली असती तर बरं झालं असतं.

मास्तर उठले. "मी चांगला धडधाकट आहे. चला. ऑफिसात कॉम्प्युटर आहे, साचा तिथेच नीट करा. नवा कागद काढू."

ऑफिस म्हणजे काचेची एवढीशी खोली. कारकून जाग्यावर नव्हता. कॉम्प्युटर सुरूच होता आणि त्याला कुलूप नव्हतं. इंटरनेट सताड उघडं. सकाळचं भांडण एका बोटाच्या अंतरावर, आणि लाज वाटेल पण खरं सांगायचं तर अशा वेळीही बोट एकदा तिकडे वळवळलं. जावईबापूंनी हात मांडीवर दाबून धरला.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या मागे उभे राहता का? साचा होईपर्यंत."

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. सगळं कळलं त्यांना. त्यांनी आपला चष्मा काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवला.

"हा लावल्याशिवाय मला रेघ दिसत नाही," ते म्हणाले. "आज बघणारे तुम्हीच."

आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

जावईबापूंनी बाहीची नक्कल उलटवली. दोन्ही बाह्या पडद्यावर शेजारी ठेवून बघितल्या, एकीवर एक ठेवून बघितल्या, आणि मग पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. काचेपलीकडे मास्तर हातात मोजा चढवून, बिनचष्म्याचे, स्टुलावर वाट बघत बसले होते.