इकडं बघ, माझ्याकडं

कोल्हारच्या भास्करअण्णांच्या स्टुडिओत लग्नाची मुलगी आली, की अण्णा आधी तिच्याकडे नुसते बघत बसायचे. आमचा जीव टांगणीला! नाक बसकं असलं तर दिवा हलवायचे, दात पुढे असले तर ओठ मिटायला लावायचे. स्थळाला पाठवायचा फोटो काढावा तर अण्णांनीच.

माझा डावा डोळा नाकाकडे वळलेला. शाळेत 'चकणी' हेच माझं नाव. आई म्हणाली, "अण्णा, जरा कडंनं काढा. डोळा दिसाया नको."

अण्णांनी कॅमेरा खाली ठेवला. "वैनी, मागं एकीचा डोळा असाच लपवला म्या. लग्न झालं आन् महिन्यात पोरगी म्हायेरी परत आली. आता न्हाई लपवणार. हिला नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या."

डॉक्टर डोळा काढून बशीत ठेवतात आणि दुरुस्त करून परत बसवतात, असा आमच्या गल्लीचा ठाम समज! "आन् उलटा बसला म्हंजी?" आई रडकुंडीला आली. शेवटी अण्णाच आमच्याबरोबर नगरला आले.

डॉक्टरांनी समजावलं, की डोळा जागचा हलत नाही. वरच्या पातळ पडद्याला बारीकशी चीर द्यायची आणि डोळा नाकाकडे ओढणारा स्नायू थोडा मागे नेऊन शिवायचा. अण्णांनी आईला लगेच उलगडून सांगितलं, "भिंग काढायचं न्हाई वैनी, निस्ता पट्टा ढिला करायचा."

ऑपरेशन होऊन डोळ्याची लाली गेल्यावर मी स्टुडिओत जाऊन बसले. "इकडं बघ, माझ्याकडं," अण्णा म्हणाले. मी बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. अण्णा मात्र बटण दाबेनात.

"काढा की, अण्णा!"

"थांब गं बये, मलाच दिसंना झालंय."

फोटो झाल्यावर डोळे पुसत त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "आता माझा काढ. नेम लागतो का बघू." नेम कसला लागतोय! अण्णांची अर्धी टोपीच कापली गेली. पुढं किती वर्षं ते गावभर सांगत, "डोळा सरळ झाला, पन हात वाकडाच ऱ्हायला पोरीचा!"

अण्णा गेल्याचं कळलं तशी मी सासरहून निघाले. त्यांच्या अंगणात खुर्चीवर हार घातलेला फोटो होता, अर्धी टोपी कापलेला. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा दुसरा फोटोच घरात नव्हता. अण्णा थेट माझ्याकडे बघत होते. रडू दिसू नये म्हणून जुन्या सवयीनं मी मान कडेला वळवली. मग आठवलं, आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.