काळ्या टाकीचा प्रश्न आणि माझा रिपीट पाठ

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावासाठी, मला नवीन जालन्यातली एक शाळा मिळाली. सातवीचा वर्ग, विषय विज्ञान. तोपर्यंत वर्ग व्यवस्थापन मी फक्त पेपरात लिहिलं होतं आणि बऱ्यापैकी लिहिलं होतं. प्रत्यक्ष वर्गात माझा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचतच नसे. पहिल्या दोन्ही पाठांवर आमच्या कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडमनी एकच शेरा लिहिला: वर्गनियंत्रण नाही. तिसराही पाठ असाच गेला तर एक रिपीट, म्हणजे तोच पाठ पुन्हा घ्यायची संधी, मिळणार होती. तोही गेला तर आंतरवासिता पुढच्या वर्षी पुन्हा.

हे घरी नीट सांगणं मला जमलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आष्टीजवळच्या आमच्या गावाहून वडिलांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "परवा माझा पाठ आहे. मॅडम बघायला येणार आहेत."

"म्हंजे परीक्षा तुझी का पोरांची?"

"माझी."

"मंग पोरं कशाला पाह्यजेत?"



त्या शाळेत दरवर्षी बी.एड.ची मुलं येतात. त्यामुळे आमच्या पाठाच्या पायऱ्या तिथल्या पोरांना पाठ आहेत. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकणार ते सांगून फळ्यावर लिहायचं, मग तक्ता. एकदा मी मधेच अडकलो तेव्हा पहिल्या बाकावरून कुजबुज आली, "सर, हेतुकथन राह्यलं."

तिसऱ्या पाठाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाचा मॉनिटर माझ्याकडे आला.

"सर, उद्या मॅडम येणार ना? तुम्ही टेन्शन घेऊ नका. आम्ही बराबर करतो."

"काय करता?"

"कोणी बोलणारच न्हाई. तुम्ही विचारलं की हात वर. मागच्या साली बी.एड.च्या एका मॅडमचा पाठ आम्हीच पास केल्ता."

मी हसलो. हो म्हणालो नाही, पण नको असंही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग इतका शांत होता की पंख्याची खरखर ऐकू येत होती. पाठ उष्णतेच्या संक्रमणाचा होता. मी विचारलं, "उन्हात काळा शर्ट घातला तर कसं वाटतं?"

"गरम वाटतं, सर!" सगळे एका सुरात.

"आणि पांढरा?"

"कमी गरम!"

काळा रंग उष्णता जास्त शोषतो, असं मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावर मॅडम काहीतरी टिपत होत्या. आता तक्ता लावायचा, म्हणून मी वळलो तर खिडकीजवळच्या एका मुलीचा हात वर होता. मी तर काही विचारलंच नव्हतं.

"सर, मंग टाकी काळी कशाला करतात?"

"कोणती टाकी?"

"पाण्याची. आमच्या गच्चीवर हे. दुपारी नळ सोडला की चटका बसतो. पांढरी केली अस्ती तर एवढं तापलं नस्तं ना?"

मॉनिटर गर्रकन मागे वळला. "ए, गप ना! सरचा पाठ चालू हे!"

"घरी जाऊन टाकीलाच विचार," कुणीतरी म्हणालं. पोरं हसली, मग मॅडमची आठवण होऊन एकदम थांबली. मुलगी खाली बसली आणि नखानं बाक खरवडू लागली.

जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गच्चीगच्चीवर टाक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच काळ्या. मीही अशाच एका टाकीच्या पाण्यानं अंघोळ करून आलो होतो. तरी हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. अशा वेळी म्हणायचं एक वाक्य आम्हाला शिकवलेलं आहे: चांगला प्रश्न आहे, आपण नंतर पाहू. ते ओठांवर आलं होतं. मॉनिटर मला मानेनं खुणावत होता, पुढे चला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "तुम्हाला काय वाटतं?"

"काळी स्वस्त पडती, सर!"

"आमची पांढरी हे, तरी गरमच होतं!"

"पांढऱ्यात शेवाळ धरतं."

"तुला कसं दिसलं? तू काय टाकीत राह्यतो का?"

"धुवायला मीच उतरतो!"

अर्धा वर्ग उभा राहिला. मॉनिटर बाकावर हात आपटत "शांत बसा, शांत बसा" ओरडत होता, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. बेल झाली तेव्हा तक्ता टेबलावर गुंडाळलेलाच होता.

शेरा आला: पाठ अपूर्ण. वर्गनियंत्रण नाही. रिपीट.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मुलांना बोलतं केलंत ते ठीक. पण एका वेळी एकानं बोलायचं, हे त्यांना कोण सांगणार? मी?"

"नाही, मॅडम." त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीशी वर्गात कुणी बोलत नव्हतं. हिच्यामुळं सर फेल झाले, असं ठरून गेलं होतं. मी म्हणालो, "तिच्यामुळं नाही. प्रश्न आल्यावर वर्ग सांभाळणं माझं काम होतं. मला ते जमलं नाही."

"पण सर, तिनं विचारलंच नस्तं तर?" मॉनिटरनं विचारलं.

"तर पाठ पूर्ण झाला असता." खोटं कसं बोलणार?

मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. "सर, तुमच्या रिपीट पाठाला मी शाळेत येणारच न्हाई. मंग तुमचं बराबर होईल."

ती रुसून बोलत नव्हती. मला मदत करायची म्हणून बोलत होती. मॅडमच्या शेऱ्यानं मला एवढं घाबरवलं नव्हतं. पहिल्यांदाच मला वाटलं, असा पास झालो तर पुढं रोज वर्गात उभं राहून मी करणार काय?

"तू आली नाहीस तर मी पाठ सुरूच करणार नाही," मी म्हणालो. तेवढी हिंमत माझ्यात होती की नाही, कोण जाणे.

मग रोजच्या तासाला आम्ही एकच गोष्ट करून पाहिली. बोलायचं असेल त्यानं उभं राहायचं, आणि तो बसेपर्यंत दुसऱ्यानं उठायचं नाही. हा नियम सगळ्यात जास्त वेळा मॉनिटरनं मोडला. टाकीचं उत्तरही मी शोधलं. काळ्या टाकीत उजेड शिरत नाही, म्हणून शेवाळ कमी धरतं, आणि उन्हात काळं प्लास्टिकही जास्त टिकतं. त्यापायी पाणी तापतं ते तापतंच.

रिपीट पाठाच्या दिवशी ती आली. प्रस्तावनेचे जुने प्रश्न मी टाचणातून काढून टाकले होते. मी तिला उभं राहायला सांगितलं आणि म्हणालो, "तुझा प्रश्न वर्गाला विचार." तिनं आधी मॉनिटरकडे पाहिलं. त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. वर्ग हसला, आणि तिनं विचारलं.

उत्तरं एकामागून एक आली. मधे दोनदा गोंधळ झाला, तेव्हा मी आवाज चढवला. फार मोठा निघाला नाही, पण पोरं बसली. तक्ता लागला. उष्णतेचं प्रारण मात्र घाईत उरकावं लागलं.

बेल झाली. मॅडमनी शेवटचा भाग घाईत झाल्याचं लिहिलं, वर्गनियंत्रण समाधानकारक लिहिलं आणि खाली सही केली. त्या अजून पेनाचं टोपण लावत होत्या, तेवढ्यात तिचा हात परत वर.

"सर, बाहेरून पांढरी आणि आतून काळी केली तर?"

पुढच्या तासाचे सर दारात येऊन थांबले होते. उत्तर मला माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. तिला मात्र या वेळी कुणी गप बस म्हणालं नाही.